हायपो की हायपर, आणि आमच्या सोसायटीचं पाणी

मागच्या आठवड्यात आईचा थायरॉइडचा रिपोर्ट आला. मी टिळक रोडला गाडीवर बसल्या बसल्याच मोबाईलवर पीडीएफ उघडली, तर टीएसएच ११.४ आणि शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. झालं, आम्ही हुशार, लगेच नाशिकच्या मावशीला फोन लावून सांगून मोकळा, की आईला हायपर थायरॉइड निघालाय.

मावशी म्हणाली, "अरे, हायपरवाले वाळतात. आमच्या शेजारच्या काकू बघ, पार काडी झाल्यात. ताई तर उलट सुटलीये."

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, हायपो आहे. मी म्हटलं, अहो पण आकडा तर वर गेलाय! तर त्यांनी विचारलं, तुमच्या सोसायटीत पाणी आलं नाही की वॉचमनला किती फोन जातात? तसंय हे. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला लावलेले फोन, की बाई काम कर, हॉर्मोन सोड. थायरॉइड सुस्त पडली की पिट्युटरी फोनवर फोन करते. म्हणजे आकडा फोनांचा आणि नाव पाण्याचं. पाणी कमी म्हणून हायपो. (कधीकधी बिघाड पिट्युटरीतच असतो, मग हे गणित बदलतं, पण ते क्वचित.)

घरी येऊन मग मी या दोन शब्दांच्या मागेच लागलो. दोन्ही ग्रीक, हायपो म्हणजे खाली आणि हायपर म्हणजे वर. पण खरी मजा अशी की हायपो हा आपल्या संस्कृत 'उप'चा आणि हायपर हा 'उपरि'चा नातेवाईक. आणि 'उपरि'चंच घासून घासून मराठीत झालं 'वर'. म्हणजे हायपर आणि वर एकाच घराण्यातले, शेवटचा 'र' पण सेम! मला तर ही खूण एकदम पक्की बसली, हायपर-वर. उरला तो खाली.

तरी लोच्या आहेच, कारण हे खाली कधी प्रमाणात असतं तर कधी जागेत. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागाच्या खालची जागा, तिथे काही कमी वगैरे पडलेलं नसतं. इंजेक्शनच्या सुईला हायपोडर्मिक म्हणतात ते कातडीखाली जाते म्हणून. बाबांच्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर एकदा 'उजव्या हायपोकाँड्रियममध्ये दुखणं' असं लिहिलेलं, तर बाबा भडकले, डॉक्टर मला वहमी म्हणतोय म्हणून. वास्तविक ती बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा, जिथे उजवीकडे लिव्हर असतं. संशयी दुखणेकऱ्याला हायपोकाँड्रिॲक म्हणतात ते नाव आलंय मात्र तिथूनच, कारण जुन्या काळी त्या दुखण्याचं मूळ पोटाच्या त्या भागात आहे असं समजायचे. बाबांना हे सांगितलं नाहीये अजून.

आणि टेन्शनचं तर विचारूच नका. आईचं बीपी वाढलं तेव्हा ती म्हणे, मला कसलंच टेन्शन नाही मग हायपरटेन्शन कुठून आलं? अगं आई, हे टेन्शन म्हणजे रक्ताचा दाब, काळजी नव्हे.

पण हसण्यावारी नेऊ नये असं ठिकाण म्हणजे शुगर. आजी इन्सुलिन घेते. एकदा दुपारी तिला दरदरून घाम, हात थरथरताहेत, आणि फोनवर आत्याला घाईत ऐकू आलं 'हायपर'. ती ओरडतेय, गोड देऊ नका! मशीनवर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे हायपो, आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तेव्हापासून आमच्याकडे फोनवर हायपो-हायपर बोलायला बंदी आहे, 'शुगर खाली गेली' असं सरळ मराठीत सांगायचं.

तर मावशीला परत फोन केला, म्हटलं मावशी, तुझंच बरोबर, खाली आहे. "मग आकडा वर का?" सोसायटीचं पाणी, वॉचमन, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने आणि म्हणाली, "म्हणजे ती रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणार, तो टँकर म्हण की!"