ताप नसलेल्या आजी

रात्रपाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता. सहा नंबरच्या बेडवर तिशीतला एक तरुण पोट धरून कळवळत होता आणि पडद्यापलीकडे सात नंबरवर ७४ वर्षांच्या एक आजी अगदी शांत पडून होत्या. मी मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. पुढचा दीड तास मी जवळजवळ सगळा सहा नंबरपाशी काढला. तो दीड तास अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तरुणाचे आकडेच तसे होते. ताप ३८.३ सेल्सिअस, नाडी १२२, श्वास मिनिटाला २६. थोड्या वेळाने रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी १७,२००. आमच्याकडे केसपेपरला सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे जिवावर बेतणाऱ्या अवस्थेच्या, तपासणीचा एक छापील कागद जोडलेला असे. त्यावर चार चौकटी होत्या: ताप ३८ च्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. दोन चौकटींवर खूण झाली की सावध व्हायचं. याच्या चारही भरल्या. मी सिस्टरांना अँटिबायोटिक काढून ठेवायला सांगितलं.

आजींना त्यांची मुलगी घेऊन आली होती. दोन दिवस जेवण नाही, लघवीला जळजळ होते म्हणत होत्या आणि दुपारपासून बोलणं विचित्र. ताप ३६.४, नाडी ८४, श्वास २४, बीपी १०२/५८. चौकट एकच भरत होती. पोटात अन्न नाही, पाणी कमी पडलं असेल, त्यातून वय, म्हणून थोडा गोंधळ, असं मी मनाशी ठरवून टाकलं. रक्त-लघवी तपासायला पाठवली, सलाईन लावलं आणि रिपोर्ट आल्यावर बघू म्हणून निघाले.

मुलगी माझ्या मागे आली. "डॉक्टर, आई अशी नसते हो. मला मावशीच्या नावानं हाक मारतेय. मावशी जाऊन बारा वर्षं झाली."

"वय झालेल्या माणसांना दवाखान्यात आलं की होतं असं कधीकधी," मी म्हणाले. वाक्य खरं होतं, पण त्या रात्री ते आजींना लागू नव्हतं.

सव्वादहाच्या सुमारास आमच्या सीनियर मॅडम आल्या. सहा नंबरचा कागद त्यांनी वाचला आणि विचारलं, "इन्फेक्शन कुठे आहे याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची छाती स्वच्छ होती, लघवी स्वच्छ होती, अंगावर जखम नव्हती. दुखणं बेंबीच्या वर, थेट पाठीत जाणारं. तेवढ्यात लायपेजचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या एका पाचक रसाचा, रिपोर्ट आला, नेहमीच्या कमाल मर्यादेच्या कितीतरी पट. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. स्वादुपिंडाला सूज आली होती, पॅन्क्रियाटायटिस. काढून ठेवलेलं अँटिबायोटिक मॅडमनी परत ठेवायला लावलं. या आजारात इन्फेक्शनचा पुरावा नसताना नुसतं खबरदारी म्हणून ते देत नाहीत.

मग त्या मला त्या तरुणाच्या पायथ्याशी उभं करून बोलल्या. ते बोलणं मी आजही ज्युनियर्सना सांगते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर धोका ओळखणारे काही रिसेप्टर असतात. जंतूच्या आवरणाचा तुकडा दिसला की ते पेटून उठतात. पण आपलीच पेशी फुटली आणि आतला माल बाहेर सांडला, तरी त्यातले कित्येक रिसेप्टर तसेच पेटतात. स्वादुपिंडाचे पाचक रस स्वतःच्याच मांसाला पचवायला लागतात तेव्हा हेच होतं. भाजल्यावर, मोठ्या अपघातात, मोठ्या ऑपरेशननंतरही होतं. मग रक्तात त्याच रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, ताप चढतो, नाडी धावते. जंतू एकही नसतो. अंगभर पसरलेल्या या दाहाला आम्ही सर्स (SIRS) म्हणतो. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या चार चौकटी ठरल्या, १९९२ मध्ये छापून आल्या, आणि तेव्हापासून सर्स अधिक इन्फेक्शन म्हणजे सेप्सिस हे समीकरण आमच्या पिढ्यान्पिढ्यांनी पाठ केलं.

२०१६ मध्ये ते समीकरण बदललं. इन्फेक्शनला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जाऊन स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागले आणि जिवावर बेतलं, तर तो सेप्सिस. म्हणजे ताप किती, नाडी किती यापेक्षा मेंदू, किडनी, फुप्फुस, यकृत, रक्त गोठण्याची यंत्रणा आणि बीपी यांचं काय चाललंय, हा प्रश्न मोठा. व्याख्या मला तोंडपाठ होती. आमचा छापील कागद मात्र जुनाच होता आणि त्या रात्री मी कागदाचं ऐकलं.

अकराच्या सुमारास सिस्टर माझ्याजवळ आल्या. वयाने माझ्या आईएवढ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. म्हणाल्या, "डॉक्टर, सात नंबरच्या आजींना एकदा परत बघून घ्या. लघवीची नळी घालून तास झाला, पिशवीत वीस एमएलसुद्धा नाही. आणि गुडघे बघा त्यांचे."

मी पडदा सारला. आजी चादरीचा काठ दोन बोटांत धरून सारख्या चाळवत होत्या, जणू त्यातून काही वेचून काढायचंय. नजर माझ्यावरून फिरून छताकडे गेली. मी चादर वर केली. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांभोवती जांभळट जाळी उमटली होती, मध्ये पांढुरकी त्वचा. पाय गार. मी त्यांच्या तर्जनीचं टोक दहा सेकंद दाबून धरलं आणि सोडलं. पांढरं झालेलं बोट परत गुलाबी व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागायला नकोत. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला कुठे रंग आला.

बीपी आता ८६/५० होतं. नाडी ८८. बीपी इतकं उतरूनही नाडी वाढत का नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला. मुलीकडच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं मी पहिल्यांदा नीट वाचली. त्यात बीटा ब्लॉकर होतं, नाडीला लगाम घालणारं औषध. नाडीची चौकट या बाईंच्या बाबतीत कधी भरणारच नव्हती. ताप नसण्याचंही आश्चर्य नव्हतं. उतारवयात शरीर गंभीर इन्फेक्शनमध्येही पुष्कळदा तापत नाही. आणि पहिलं १०२ चं बीपी मला ठीकठाक वाटलं होतं, पण गोळ्या घेऊन ज्यांचं बीपी एरवी १५० च्या आसपास असतं, त्यांच्यासाठी ते आधीच खूप खाली होतं. मुलीने विचारताक्षणी सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट साडेदहाला येऊन संगणकात पडलेले होते. पांढऱ्या पेशी ९,६००, अगदी साळसूद. प्लेटलेट ९२,०००. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.३, वाढलेलं. लघवीत पू-पेशींचा खच. अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं लॅक्टेट ताबडतोब करून घेतलं, ४.१. मेंदू, किडनी, रक्त गोठणं, रक्ताभिसरण अशी अवयवांच्या बिघाडाच्या गुणांची बेरीज केली तर सोफा (SOFA) स्कोअर ६ येत होता. इन्फेक्शन असताना तो २ ने वाढला तरी सेप्सिस म्हणतात. पडद्याच्या अलीकडे ज्या तरुणाच्या चारही चौकटी भरल्या होत्या, त्याचं बीपी १२८/८०, लॅक्टेट १.४, क्रिएटिनिन ०.९. लघवी भरपूर. आणि दुखत असूनही तो मला तारीख-वार बरोबर सांगत होता.

मॅडमनी एक शब्दही दोष दिला नाही. त्याने मला जास्त लागलं. रक्तात जंतू वाढतात का हे बघायला ब्लड कल्चर घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक गेलं. शॉक असेल तर ते तासाभरात जायला हवं. आमचं त्या तासाचं गणित आधीच चुकलेलं होतं. ५२ किलो वजनाला किलोमागे ३० एमएलच्या हिशोबाने दीड लिटरभर सलाईन, दर थोड्या वेळाने छातीला स्टेथोस्कोप लावून. तरी बीपी वर येईना, तेव्हा बीपी चढवणारं नॉरअॅड्रिनलिन सुरू केलं. पुन्हा केलेलं लॅक्टेट २ च्या वरच होतं. म्हणजे सेप्टिक शॉक. त्या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांपैकी १०० तले ४० हून अधिक हॉस्पिटलमधून घरी जात नाहीत. हा आकडा डोक्यात घेऊन मी मुलीशी बोलायला बाहेर गेले.

"रक्तात इन्फेक्शन पसरलंय का?" तिने विचारलं. सगळे नातेवाईक हेच विचारतात. मी तिला सांगितलं की इन्फेक्शन लघवीच्या मार्गात आहे, पण त्याच्याशी लढताना आईच्या शरीराचं स्वतःवरचं नियंत्रण सुटलंय. बारीक रक्तवाहिन्या गळायला लागल्यात, त्यांत बारीक गुठळ्या होतायत, अवयवांना रक्त पोचत नाहीये. पुढे तिसऱ्या दिवशी लघवीत ई. कोलाय हे जंतू वाढले, ब्लड कल्चर मात्र निर्जंतुक आलं. असं पुष्कळदा होतं. त्या रात्री मी तिला हेही सांगितलं की तुम्ही मला साडेनऊला बरोबर सांगत होतात, आणि मी ते नीट ऐकलं नाही. ती काही बोलली नाही. आतल्या दाराकडे बघत राहिली.

आजींना आयसीयूत हलवलं. नॉरअॅड्रिनलिन चाळीस तासांनी बंद झालं. त्याआधीच लघवी सुटली होती आणि सिस्टरांनी मला फोन करून पिशवीतला आकडा सांगितला होता. सहा नंबरचा तरुण वॉर्डात गेला, तीन दिवसांत त्याचा ताप-नाडी उतरली. त्याचाही आजार हलका नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. जंतूंशिवायच्या दाहातही अवयव निकामी होऊ शकतात, ते ४८ तासांपेक्षा जास्त टिकलं तर पॅन्क्रियाटायटिस गंभीर धरतात, आणि मेलेल्या भागात पुढे खरोखरचं इन्फेक्शनही शिरू शकतं. म्हणून त्याचेही अवयव आम्ही रोज मोजत होतो. आणि त्या चार चौकटी टाकाऊ आहेत असंही मी म्हणणार नाही. २०१६ च्या व्याख्येबरोबर श्वास, शुद्ध आणि बीपी या तीन गोष्टींची एक झटपट चाचणी आली होती. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाळणी म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका असं बजावलं. आजी तिच्यात बसल्या असत्या. दुसरं कुणी निसटलं असतं.

पाचव्या दिवशी मी आयसीयूत गेले तेव्हा आजी टेकून बसल्या होत्या आणि चादरीचा काठ दोन बोटांत धरून चाळवत होत्या. माझ्या पोटात धस्स झालं. मी जवळ जाऊन त्यांचं बोट हातात घेतलं आणि दाबलं. ते उबदार होतं, सोडताक्षणी गुलाबी झालं.

"अगं, दाबतेस काय," त्या म्हणाल्या. "हा दोरा निघालाय इथला. कात्री आहे का कुणाकडे?"