तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कप चर्चिलने उचलला, मग चॅम्पियन काशी कशी?’

२०२४-२५ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली दुसऱ्या स्तराची फुटबॉल लीग, जिंकली कोणी, या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत संपतं: इंटर काशी, वाराणसीचा क्लब. पण ते दिलं की पुढचा प्रश्न दारातच उभा असतो. ‘मग चर्चिलने गोव्यात कप घेतला तो काय भांड्यांच्या दुकानातून?’ विचारणारा गोव्यातल्या सासष्टीचा, म्हणजे चर्चिल ब्रदर्स क्लबच्या मुलखातला, असेल तर सुरात सरळ आरोप असतो, जणू वादातले तीन गुण मीच कुठून तरी काढून काशीच्या खिशात घातले. तेव्हा एकदाच सगळं सांगतो, आकड्यांसकट. आय-लीगचा विजेता तेव्हा वर आयएसएलमध्ये, म्हणजे पहिल्या स्तराच्या इंडियन सुपर लीगमध्ये, जायचा, म्हणून एवढी मारामारी, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते सोडून थेट १३ जानेवारी २०२५ वर येतो.

त्या दिवशी पंजाबात भैणी साहिबला नामधारी क्लबने काशीला २-० हरवलं. नामधारीकडून एक ब्राझिलियन खेळला. त्याच्या नावावर चार पिवळी कार्डं जमली होती. चार झाली की एक सामना बाहेर बसायचं. तो बसला नाही, आणि काशीने हरकत नोंदवली. सगळ्या महाभारताचं मूळ एवढंच.

‘एवढं साधं कसं चुकतं?’ असं म्हणू नका, फार सहज चुकतं. लाल कार्ड सगळ्यांच्या लक्षात राहतं. पिवळी कार्डं मात्र वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मैदानांवर, एकेक करून जमतात. त्यांचा हिशेब तीन ठिकाणी असतो: रेफरीच्या अहवालात, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदीत आणि क्लबच्या टीम मॅनेजरच्या वहीत. एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं, तर ती दोन बहुतेक स्पर्धांत या बेरजेत धरत नाहीत. इथे वही आणि नोंद यांचा पहिला फारकतनामा होतो. सामना पुढे ढकलला गेला की निलंबन कोणत्या सामन्याला लागू, यावर दुसरा. म्हणून शहाणा मॅनेजर संघाची यादी देण्याआधी तिन्ही हिशेब समोरासमोर ठेवतो, आणि शंका आली तर त्या खेळाडूला बसवतो. ‘आम्हाला वरून पत्र आलं नव्हतं’ हा बचाव मला कधीच पटलेला नाही. आपल्या खेळाडूची कार्डं मोजायला पत्र कशाला लागतं?

शिक्षा ठरलेली आहे: अपात्र खेळाडू खेळवला तर सामना समोरच्याला ३-० असा बहाल. म्हणजे काशीला तीन गुण, शिवाय गोलफरक उणे दोनवरून अधिक तीन, एकदम पाचाची उडी. महासंघाच्या शिस्तपालन समितीने असाच निर्णय दिला. मग अपील समितीने त्याला स्थगिती दिली, आणि तीन गुण हवेत लटकले. तिथून लीगला दोन गुणतक्ते झाले. एक छापलेला, आणि दुसरा ज्याच्या-त्याच्या मनात.

आता ६ एप्रिल. मला विचाराल तर खरा अपराध त्या दिवशी घडला, आणि तो कोणत्याच क्लबने केला नाही.

शेवटची फेरी. चर्चिल ३९ गुणांवर, श्रीनगरात रियल काश्मीरविरुद्ध. काशी छापील तक्त्यात ३६ वर, समोर राजस्थान युनायटेड. गोकुलम ३७ वर होता, पण त्याचं गणित डेम्पोने ४-३ असं हरवून मिटवलं, त्यामुळे ते बाजूला ठेवू. काशीपुरतं पाहिलं तर चर्चिलला बरोबरी पुरे होती: काशी जिंकूनही ३९ च्या वर जाऊ शकत नव्हती आणि बरोबरीचा एक गुण चर्चिलला ४० वर नेत होता. पण हाच हिशेब मनातल्या तक्त्यावर मांडा. तिथे काशी आधीच ३९ वर आहे. जिंकली की ४२. मग चर्चिलची बरोबरी म्हणजे हार. जिंकले तरी ४२-४२, आणि फैसला बरोबरी फोडण्याच्या निकषांवर.

म्हणजे श्रीनगरात १-१ असताना बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाने काय करायचं? बचावपटू उतरवून एक गुण बांधायचा, की स्ट्रायकर उतरवून जिंकायला जायचं? एका तक्त्यानुसार पहिलं बरोबर, दुसऱ्यानुसार ती आत्महत्या. फुटबॉलमधला हा सगळ्यात साधा निर्णय आहे, गल्लीतल्या स्पर्धेतला कोचही गुणतक्ता बघून तो घेतो. इथे तक्ताच खरा की खोटा हे कोणाला ठाऊक नव्हतं. सामना १-१ सुटला. काशीने राजस्थानला ३-१ हरवलं. छापील तक्ता: चर्चिल ४०, काशी ३९. चर्चिलच्या पोरांनी आनंद साजरा केला, तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. आपल्याला किती गुण हवेत हे माहीत असतं तर ते कसे खेळले असते, हे आता कोणताही लवाद सांगू शकत नाही.

आणि काशीचं? त्यांनाही वाटत होतं की आपण चॅम्पियन आहोत, फक्त कागद यायचा आहे. हे कसलं जिंकणं!

पुढचं भराभर सांगतो. १८ एप्रिलला अपील समितीने नामधारीच्या बाजूने निकाल दिला आणि त्यापाठोपाठ महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं. काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. तिथे अपिलासाठी साधारणपणे २१ दिवस असतात. १८ एप्रिलपासून मोजा, ९ मे येतो. महासंघाने कप आणि पदकं दिली २७ एप्रिलला, नवव्या दिवशी. त्याच दिवशी कप देण्यावर लवादाची स्थगिती आली. ‘मग तो कप काय होता?’ याचं उत्तर हेच: घाई. बारा दिवस कपाटात राहिला असता तर कपाला गंज चढला नसता.

मधे दुसरी फाईल उघडली, ती मारियो बार्कोची. काशीने या स्पॅनिश फॉरवर्डची नोंदणी केली, नंतर त्याच्या जागी दुसरा परदेशी घेतला, आणि पुढे आणखी एका परदेशी खेळाडूच्या जागी बार्कोला पुन्हा नोंदवलं. चर्चिल, नामधारी आणि रियल काश्मीरचं म्हणणं असं की एकदा बदललेला माणूस त्याच मोसमात परत आणता येत नाही. ३१ मे रोजी अपील समितीने काशीच्या विरोधात कौल दिला. म्हणून जूनमध्ये लवादाने नामधारीच्या सामन्याचे तीन गुण काशीला दिले तरी विजेतेपद तिथेच अडकलेलं होतं. १८ जुलैला बार्कोचा निकालही काशीच्या बाजूने लागला आणि तक्ता ठरला: काशी ४२, चर्चिल ४०. शेवटच्या शिट्टीनंतर १०३ दिवसांनी.

मी एप्रिलमध्ये काय म्हणत होतो ते तुमच्यातले काही जण मुद्दाम आठवण करून देतात. हो, म्हणत होतो. १३२ सामने झाले, मैदानावर जो पुढे तो चॅम्पियन, टेबलावरचे गुण कसले मोजता, असं छातीठोकपणे म्हणत होतो. ते चुकीचं होतं. निलंबित खेळाडू मैदानावर उतरला तर मैदानावरचा निकालच बिघडलेला असतो. तो तसाच ठेवला तर उद्या प्रत्येक क्लब चार कार्डांचा खेळाडू उतरवेल आणि दंड भरून मोकळा होईल. पण यातही एक खोच आहे. चूक नामधारीची, फायदा काशीचा आणि कप गेला तिसऱ्याच चर्चिलचा. नियम बरोबर आहे हे मला मान्य आहे, आणि तरी सासष्टीतल्या वार्क्याच्या माणसाला हे समजावताना माझी जीभ अडखळते. बार्कोच्या बाबतीत तर मी दोनदा मत बदललं. ‘बदली’ या शब्दात जुनाच माणूस बसतो का, हे नियमाने स्पष्ट लिहायला हवं होतं. नोंदणी ज्यांनी स्वीकारली त्यांच्याच समितीने ती नंतर अवैध ठरवावी, हे मात्र मला अजून गळी उतरत नाही.

‘मग करायचं काय?’ प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी निलंबितांची यादी सगळ्यांसाठी जाहीर करा, म्हणजे वह्यांचा वाद संपेल. हरकतीचा पहिला निकाल दहा दिवसांत, अपिलाचा त्यापुढच्या पंधरा दिवसांत. १३ जानेवारीच्या हरकतीचा देशातला शेवटचा शब्द या हिशेबाने फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आला असता, लोझानला जायलाही वेळ उरला असता, आणि श्रीनगरात दोन्ही बाकांवर एकच तक्ता असता. यात नवा पैसा लागत नाही, तारखा पाळाव्या लागतात. तेच अवघड असावं.

आणि हो, तुमचा शेवटचा प्रश्न, ‘एवढं करून काशीला मिळालं काय?’ आयएसएलची जागा. फक्त निकालाच्या बरोबर आठवडाभर आधी, ११ जुलैला, आयएसएलच्या आयोजकांनी महासंघाबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपतोय म्हणून पुढचा मोसम स्थगित ठेवत असल्याचं क्लबांना कळवलं होतं.