तिच्याकडची लाल

रविवार, रात्री साडेअकरा

आज माशांच्या टाकीतली रोटाला, ती पाणवनस्पती, छाटली. छाटायची होती पुढच्या रविवारी, पण दुपारी सायलीने फोटो पाठवला आणि मला स्वस्थ बसवेना.

मार्चमध्ये मीच तिला दहा-बारा शेंडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते, पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात. खालच्या दोन पेरांची पानं काढ, चिमट्याने तिरकं खोच, नाहीतर तरंगून वर येईल, हेही बजावलं होतं. तिने सगळं तसंच केलं. फोटोत तिची रोटाला लालबुंद आहे. माझी हिरवी. शेंड्यांना जराशी गुलाबी झाक, बस.

'वा, मस्त!' असं लिहून मी फोन पालथा ठेवला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण मला माहीत आहे. रोटाला रोटुंडिफोलियाला, म्हणजे आमच्या या जातीला, भरपूर उजेड आणि पाण्यात नायट्रेट कमी मिळालं की ती लाल होते. सायलीच्या टाकीत सहाच टेट्रा मासे. माझ्या दोन फुटी टाकीत मासे जास्त, त्यांची घाण जास्त, त्यामुळे नायट्रेटही जास्त. मासे कमी करता येतील, पण ते कुणी आणले होते... आज तो विषय नको.

कारण कळलं म्हणून सल गेला असं नाही. चार वर्षं मी हे करतोय. तिचा एक पावसाळाही पुरा झालेला नाही.

मग कात्री घेतली. खालचे दांडे उजेडाविना उघडे पडले होते, ते मुळासकट उपटले आणि वरचे शेंडे कापून पुन्हा लावले. पुढच्या रांगेत मात्र दांडे ठेवून नुसते शेंडे उडवले, पेराच्या जरा वर. शेंड्यातलं ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या कोंबांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की खालच्या पेरातून दोन फुटवे निघतात. आजी हरभऱ्याचे शेंडे खुडायची ते यासाठीच. घरात भाजी व्हायची आणि शेतात झाड पसरायचं.

चाळीसेक शेंडे लावले. पाठ मोडली. कापलेल्या दांड्यांतून बुडबुड्यांची बारीक माळ वर जात होती, तेवढा वेळ बरं वाटलं.

लावता लावता मनात आलं, सायलीकडे आहे ती माझ्या रोटालाची लेकसुद्धा नाही. बी नाही, काही नाही. तेच झाड आहे. म्हणजे लाल झाली ती माझीच रोटाला. या विचारावर दहा मिनिटं छान गेली. मग तोच उलटून टोचला. म्हणजे ही लाली तिच्यात पहिल्यापासून होती, आणि चार वर्षांत माझ्याकडे ती बाहेर आली नाही.

माझ्याकडे ती आली तात्यांच्या टाकीतून. नंतर एकदा ते पाहायला आले होते. चष्मा कपाळावर सरकवून काचेपाशी बराच वेळ उभे राहिले. 'दाट झालीय,' एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. आज वाटत नाही.

आत्ता सायलीला लिहिलं, पुढच्या छाटणीचे शेंडे टाकून देऊ नकोस, मला हवेत. माझ्या पाण्यात ते महिन्याभरात हिरवे होतील, माहीत आहे. तरी हवेत. पोह्यांचा डबाही तिच्याकडेच आहे.