कागद होता, कृती नव्हती

आत्याच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली घडी घातलेला एक भलामोठा कागद निघाला. उलगडला तर अख्खं डायनिंग टेबल झाकलं. त्यावर लाल, निळ्या, काळ्या रेघांचं नुसतं जाळं. बुर्डा नावाचं जर्मन मासिक 1950 पासून निघतं, त्यातला हा पॅटर्नचा, म्हणजे कपड्याचे तुकडे साइजप्रमाणे आखलेला कागद. मासिक कधीच रद्दीत गेलेलं, म्हणजे शिवायची कृतीही गेली. उरलं होतं एक फाटकं पान, त्यावर कॉलरचा शर्ट घातलेली बाई.

मी ठाण्यात नौपाड्यात शिवणक्लास केला तो खाकी कागदावर मापं आखून. तयार पॅटर्न कधी हातात धरला नव्हता. म्हटलं, बघू तरी.

माझी छाती 38 इंच, म्हणून बटर पेपर टाकून 38 आकड्याची रेघ गिरवली. जांभळी नाक्यावरून मांजरपाट आणला (चांगलं कापड आधी कापायचं नाही एवढी अक्कल होती). पाठीच्या भागावर मधोमध 'श्टॉफब्रुख' लिहिलेलं. लेक कॉलेजात जर्मन शिकते. ती म्हणाली, "आई, श्टॉफ म्हणजे कापड आणि ब्रुख म्हणजे तुटणं." मग मी तिथे कापलं. जर्मन बायकांना पाठीला जोड आवडत असेल, आपलं काय जातंय!

धावदोरा घालून अंगात चढवला, तर बटणपट्ट्या एकमेकींना भेटेचनात.

एक नाही, तीन घोळ होते. तिकडचा 38 म्हणजे इंच नव्हेच. तो 88 सेंटीमीटर छातीचा साइज, आपल्या हिशेबाने पस्तीस इंचही नाही. मला 42 ची रेघ हवी होती, 96 सेंटीमीटरची. दुसरं, त्या रेघांमध्ये माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडायचं जादा कापड, धरलेलीच नसते. रेघ म्हणजे थेट शिलाई, माया आपण बाहेरून सोडायची. आपला टेलर बाजूला चांगली इंचभर माया आत ठेवतो, बाई पुढेमागे सुटली तर उसवता यावं म्हणून. हा कागद मात्र अगदीच मायाममता नसलेला! आणि 'श्टॉफब्रुख' म्हणजे कापडाची घडी. तिथे कापड दुमडून ठेवायचं, कात्री लावायचीच नाही. लेकीला मी काही बोलले नाही, पण मांजरपाट तिलाच घडी करायला लावला.

42 ची रेघ गिरवल्यावर कागद बराच बोलका निघाला. बाण उभ्या धाग्याचा. शिवणीच्या टोकांना बारीक आकडे, सारख्या आकड्याला सारखा आकडा जुळवायचा. बाहीची पुढची बाजू कुठली हे मुंढ्याच्या, म्हणजे बगलेकडच्या गोलाईच्या, खोलीवरूनच कळलं.

अडलं ते कॉलरपाशी. कॉलरचे दोन तुकडे, खालच्या पट्टीचे दोन, आणि कुठला कधी लावायचा याचा पत्ता नाही. एकदा शिवला तर कच्ची कड गळ्याला बाहेरून दिसायला लागली. उसवला. पुन्हा शिवला तर पट्टी उलटी. शेजारच्या टेलरकाकांना विचारायला गेले. मशीन न थांबवता ते म्हणाले, "ताई, घरात जुना शर्ट असेल ना? उसवा. शेवटी मारलेली शिलाई आधी सुटते."

नवऱ्याचा कॉलर झिजलेला ऑफिसचा शर्ट घेतला आणि ब्लेड घेऊन बसले. आधी खालची दुमड सुटली, मग कफ. मग बगलेपासची शिवण, कमरेपासून थेट मनगटापर्यंत एकच. म्हणजे बाही मुंढ्याला आधीच लागलेली होती. मग बाही. मग कॉलर. तिथे मी चष्मा लावला. पट्टीच्या दोन तुकड्यांच्या मधे कॉलर सँडविचसारखा दाबलेला, पट्टीची बाहेरची बाजू आधी गळ्याला शिवलेली, आणि आतली कड दुमडून सगळ्यात शेवटी वरून टीप. म्हणून कच्ची कड कुठेच दिसत नाही. कडक फ्युजिंगही (आतून चिकटवायचं अस्तर) एकाच तुकड्याला. शेवटी खांदे सुटले आणि पाठीचा योक, म्हणजे खांद्यालगतचा आडवा तुकडा.

हीच यादी खालून वर वाचत मी माझा शर्ट शिवला, फिक्या निळ्या कॉटनचा. कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा किंचित बोथट आलंय, मी मान फिरवून लपवते.

उसवलेल्या तुकड्यांना पेन्सिलीने नंबर घालून ते जर्मन कागदाच्या घडीत ठेवलेत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो दर सोमवारी कपाटात डोकं घालून तोच शर्ट शोधतो.