आधी तिचा स्वतःचा नंबर

नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगलीहून नैरोबीला आले आणि दोन वर्षांनी किबेरा या इथल्या मोठ्या झोपडवस्तीतल्या एका छोट्या वाचनालयात शनिवारी मुलींना संगणक शिकवायला लागले. इथल्या मराठी ओळखीपाळखीतून सहा जुने लॅपटॉप जमले होते. मुली चौदा, फॉर्म थ्री आणि फॉर्म फोरच्या, म्हणजे आपल्याकडे अकरावी-बारावीत असतात त्या वयाच्या. गणिताला किस्वाहिलीत 'हेसाबू' म्हणतात हे कळलं, तेव्हा 'आमच्याकडे हिशेब' असं मी म्हटलं आणि पहिल्याच दिवशी ओळख झाली.

स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांसाठीची भाषा, शिकवायचं हे मी घरूनच ठरवून आले होते. डोक्यात केनियातल्याच किसुमू शहराच्या त्या पाच शाळकरी मुली होत्या. मुलींच्या खतनाविरुद्ध मदत मागता यावी म्हणून त्यांनी 'आय-कट' हे ॲप बनवलं आणि २०१७ साली ते घेऊन त्या थेट कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत पोचल्या. आमच्याही पोरी भराभर शिकत होत्या. तीन शनिवार मजेत गेले.

चौथ्या शनिवारी ईमेलची खाती उघडायला बसलो आणि सगळं अडलं. खात्याला फोन नंबर हवा आणि स्वतःचा नंबर होता फक्त दोघींकडे. बाकीच्यांनी आईचा, भावाचा, शेजारणीचा दिला. कोड यायचा तेव्हा तो फोन आईबरोबर कुणाच्या तरी घरी धुण्याभांड्याला गेलेला असायचा. एकीने भावाच्या नंबरावर खातं उघडलं होतं. दोन महिन्यांनी त्याने सिम बदललं, पासवर्ड तिला आठवेना आणि तिने लिहून ठेवलेलं सगळं त्या खात्यातच राहिलं. ती रडली नाही, फक्त 'इट्स ओके, मॅडम' म्हणाली. या पोरींना हातचं जाण्याची किती सवय आहे, ते मला त्या दोन शब्दांत दिसलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग स्क्रॅच बाजूला ठेवलं. केनियात ओळखपत्र अठराव्या वर्षी मिळतं. त्याआधी सिम हवं असेल तर आई किंवा वडिलांचं ओळखपत्र आणि मुलीचा जन्मदाखला लागतो. आणि चौदातल्या सहाजणींकडे दाखलाच नव्हता. पुढचे कितीतरी शनिवार आम्ही संगणक लावलेच नाहीत. प्रत्येकीची एक फाइल केली, जन्म कुठे झाला ते विचारून घेतलं, कागद गोळा केले.

घरोघरी जाणं सगळ्यात अवघड होतं. इथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक, मामा तमुक. 'मामा' म्हणजे आई. आपल्याकडच्या 'बंड्याची आई'सारखंच. त्यामुळे बोलायला सुरुवात सोपी जायची, पण फोनचा विषय निघाला की चेहरे बदलायचे. फोनमुळे पोरी बिघडतात, असं एका आईने स्पष्ट सांगितलं. तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी गप्प राहिले. बोलली माझ्याबरोबर आलेली मुलगी. त्याच गल्लीत वाढलेली, आता डिप्लोमा करणारी. 'मामा, फोन तर घरात आधीपासून आहे. फक्त तिच्या हातात नाही.' त्या बाईने तिला बसायला जागा दिली आणि चहा टाकला. खरी मार्गदर्शक तीच, हे मला तिथे कळलं. त्यानंतर प्रत्येक घरी आधी ती बोलायची, मी कागद सांभाळायचे.

भावाच्या सिमपायी खातं गमावलेल्या मुलीचा केसीएसईचा, म्हणजे फॉर्म फोरनंतरच्या शालान्त परीक्षेचा, निकाल जानेवारीत लागला. सी ग्रेड. सी प्लस असता तर पदवीला अर्ज करता आला असता. दोन दिवस ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर घरोघरी येणाऱ्या त्या डिप्लोमावाल्या मुलीने तिला घरून आणलं आणि आपला स्वतःचा निकाल दाखवला, तोही सीच.

पुढे केयूसीसीपीएसचं, म्हणजे सरकारी प्रवेशाचं पोर्टल उघडलं. बहुतेक मुलं गल्लीतल्या 'सायबर'मध्ये, म्हणजे इंटरनेट कॅफेत जातात, तिथला माणूस फॉर्म भरून देतो आणि कित्येकदा कोर्सही तोच निवडतो. हिने स्वतः भरला. परीक्षेचा इंडेक्स नंबर, वर्ष, जन्मदाखल्याचा क्रमांक. तो दाखला काढायला आम्ही चार खेपा घातल्या होत्या. तिने तो फाइलमधून काढला आणि एकेक आकडा बोट ठेवून टाइप केला. डिप्लोमाचे कोर्स निवडताना दोघी तासभर वाद घालत होत्या, मी मध्ये पडले नाही. फी एम-पेसाने, म्हणजे इथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने गेली, तिच्याच नंबरावरून.

प्रवेशाचा मेसेज आला तेव्हा ती आईच्या भाजीच्या ठेल्यावर सुकुमा ही पालेभाजी चिरत होती. तिने मला फोन केला, पण बोलली आईच. मला किस्वाहिली पुरतं येत नाही, तरी सगळं कळलं.

दोघींचे जन्मदाखले अजून व्हायचेत. येत्या सोमवारी त्यांच्या आयांबरोबर कचेरीत जायचं आहे. रांग मोठी असते, म्हणून सहालाच निघणार आहोत.