रिफंडचा मेल आलाय? लिंक उजवीकडून वाचा

इन्कमटॅक्स रिटर्न भरून झाले की आमच्या फॅमिली ग्रुपवर रिफंडच्या मेलवरून "हा मेल खरा आहे का रे?" वाला सीझन सुरू होतो. आणि खरं सांगू, मला मेल पाठवणाऱ्या चोरांइतकाच राग येतो तो त्या जुन्या सल्ल्याचा, की फेक मेलमधे स्पेलिंग चुकलेलं असतं, इंग्रजी गचाळ असतं, लोगो धुरकट दिसतो वगैरे. अहो ते दिवस गेले! आता एआयकडून कुणीही झकास सरकारी इंग्रजी लिहून घेतं, आणि लोगो काय, खऱ्या साइटवरून उचलला की झालं. उलट कधीकधी खरा सरकारी मेलच जास्त बोगस वाटतो.

2023 मधे एक मेसेज फिरत होता बघा, तुमचा 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, अमुक खात्यात जमा होईल, खाते नंबर चुकीचा असेल तर या लिंकवर दुरुस्त करा. सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकने तो फेक असल्याचं जाहीर केलं होतं. पण त्यातली हुशारी बघा ना, पन्नास लाखाची लॉटरी नाही, पगारदार माणसाला सहज पटेल असा आकडा, आणि दाखवलेला नंबर आपला नसणारच, म्हणजे माझे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात चाललेत या धास्तीनेच माणूस क्लिक करणार. त्यामुळे "हावरट लोकच फसतात" हे मला मुळीच पटत नाही. खरा रिफंड इन्कमटॅक्सच्या पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून घेतलेल्या खात्यातच येतो, त्यासाठी कार्ड नंबर, पिन, पासवर्ड मेलवर कुणी मागत नाही.

मग बघायचं काय? तर लिंकचा पत्ता. आपण पाकिटावर घर नंबर, गल्ली, गाव, जिल्हा असं लहानाकडून मोठ्याकडे लिहितो ना, वेबसाइटचंही तसंच असतं, खरा मालक शेवटी. एचटीटीपीएसच्या त्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून उलटं डावीकडे वाचत यायचं. शेवट 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ठीक. पण तेच सगळं लिहून पुढे 'डॉट अमुकतमुक डॉट कॉम' चिकटवलं असेल तर मालक तो अमुकतमुक, सुरुवातीला काहीही लिहिलेलं असो. आणि शेवट 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असून त्याच्याआधी 'सीपीसी डॉट' वगैरे दिसलं तर घाबरू नका, रिटर्न तपासून झाल्यावर येणारी 143(1) ची खरी इंटिमेशन तशाच पत्त्यावरून येते. बँकांचंही आता सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सगळ्यांना 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं.

मोबाइलवर मात्र गोची आहे. मेल ॲप नुसतं नाव दाखवतं, खाली कुठलातरी भलताच पत्ता असतो, नावावर टॅप केल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि हा पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा बनावट टाकता येतो, म्हणजे तो बरोबर दिसला तरी गाडी पुढे जात नाही. लिंकवर बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता येतो, पण ते करताना चुकून उघडणारे महाभाग आमच्या घरात आहेत, म्हणून मामांना मी एवढंच सांगितलंय, मेल खरा असो की खोटा, त्यातून कुठे जायचंच नाही, ब्राउझरमधे पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि लॉगिन करून बघा. रिफंड खरा असेल तर तिथेही दिसेल. मामा म्हणाले, "अरे मग तो मेल पाठवतात कशाला?" प्रश्न बरोबर आहे, उत्तर नाही माझ्याकडे.

तरी कुणी माहिती भरून बसलंच तर लाज बाजूला ठेवून लगेच बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग ब्लॉक करायचं, पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हे पटापट, कारण पैसा पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळलं तर अडवता येतो, आणि बँकेला कळवल्यानंतर जे व्यवहार होतील त्याचा भुर्दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेवर असतो. कम्प्लेंट नंबर तेवढा लिहून घ्या.