गोरेवाड्याच्या मागच्या गेटनं

नागपूरचं गोरेवाडा प्राणिउद्यान म्हटलं की लोकं विचारतात सफारी केली का, वाघ किती जवळून दिसला, फोटो दाखव. आम्ही सफारीच्या बसमध्ये बसलोच नाही. मागच्या गेटनं आत गेलो आणि वाघ पाहिले ते टीव्हीवर, हे गावात सांगितलं तर पोट्टे अजून हसतात. पण माझ्या मते सफारीपेक्षा हेच भारी होतं, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, जंगलाला अगदी खेटून. धान, मोह, तेंदूपत्ता आणि वाघ, यातलं एकही वगळून आमच्या गावाबद्दल बोलता येत नाही. मी गावच्या पीआरटीत आहे, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद दल. वाघ गावाजवळ आला की शिट्टी, काठी, टॉर्च घेऊन पहिले पोचणारे आम्ही. लोकांना वाटते आमचं काम वाघ हाकलायचं, खरं काम असते माणसं हाकलायचं, मोबाईल वर धरून झुडपाकडं सरकणारी माणसं. आणि कोणाचा जीव गेला असला तर मग विचारूच नका. वाघ पकडायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, ते बसतात नागपूरला वनभवनात, आणि ते पत्र येईपर्यंत इकडं गावकरी फॉरेस्टच्या गाडीपुढं आडवे झालेले असतात. मग एकदाचा बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट लागतो, वाघाच्या डोळ्यावर पट्टी, अंगावर पाणी, स्ट्रेचर, पिंजरा, धडामकन दार, गाडी निघाली, टाळ्या. आमच्यासाठी गोष्ट तिथं खतम. पुढं त्या वाघाचं काय होते हे आमच्यातल्या कोणालेच माहीत नव्हतं, म्हणून फॉरेस्टवाल्यांनी आसपासच्या गावांतले पीआरटीवाले जमवून ही ट्रिप काढली. मोह पडायला लागला की आम्हाला श्वास घ्यायलाही वेळ नसते, त्यामुळं मार्चच्या सुरुवातीचा सोमवार धरला, सोमवारी प्राणिसंग्रहालय पब्लिकसाठी बंद असते.

अंधारातच निघालो. नागभीड, भिवापूर, उमरेड, नागपूर. नागभीडवरून पूर्वी रेल्वेची छोटी लाईन होती, २०१९ मध्ये बंद झाली मोठी करायसाठी, आमच्यातले म्हातारे अजून त्या गाडीच्या आठवणी काढतात की चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता यायचं, खरं खोटं ते जाणोत. भिवापूरला मिरचीचा ठसका गाडीच्या काचेतून आत येते, हे मात्र खरं. उमरेड आलं की कोणीतरी जयचा विषय काढतेच. उमरेड कऱ्हांडल्याचा तो दांडगा वाघ २०१६ पासून गायब आहे आणि आमच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाकडं त्याची वेगळी थिअरी होती. नागपुरात उतरून तर्री पोहे खाल्ले. तर्री कमी टाक म्हणणाऱ्याला तिथं कोणी माणसात मोजत नाही.

गोरेवाडा काटोल रोडच्या अंगाला आहे. प्राणिउद्यान ५६४ हेक्टरचं, वन विकास महामंडळाकडं आहे. इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं-नीलगाई असे वेगवेगळे भाग. पण वन्यप्राणी बचाव केंद्र त्याच्याही आधीपासूनचं, आणि तिथं पब्लिकला नेत नाहीत. जखमी, अनाथ, माणसाच्या भानगडीत पकडलेले असे सगळे तिथं.

गेटवरच पहिले गाडीच्या चाकांवर फवारा, मग आमचे जोडे लाल औषधाच्या पाण्यात, मग मास्क, मग हात. आमच्यातला एक म्हणाला का जी साहेब, आम्ही काय रोगी आहो का. तिथले जनावरांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, तुम्ही नसाल, तुमच्या जोड्याला कोंबडीची विष्ठा असू शकते. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून सगळे गप. २०२४ च्या डिसेंबरात इथं तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, नमुने भोपाळच्या लॅबला गेले आणि एच५एन१ निघाला, म्हणजे बर्ड फ्लू. पक्ष्यांचा रोग वाघाला. आणि ते वाघ आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेले होते. बातमी तेव्हा आम्ही व्हॉट्सअॅपवर वाचली होती, पण औषधाच्या पाण्यात उभं राहून ऐकणं वेगळं. खाण्यातून रोग येऊ शकतो म्हणून कोंबडीच्या बाबतीत फार जपावं लागते म्हणाले. आमच्या गावात तर वाघ घरामागच्या खुराड्यापर्यंत येते.

आत पहिले मांसाची खोली. स्वच्छ धुतलेली फरशी, वजनकाटा, चाकू लटकवलेले, आणि मांस नाहीच. कारण सोमवार. सोमवारी वाघाला उपास! आमच्या गाडीत महादेवाचा सोमवार धरणारे दोघं होते, त्यांना फार आनंद झाला. कीपरभाऊ रामटेककडचे, वयानं मोठे, त्यांनी समजावलं की इतर दिवशी मोठ्या वाघाला आठ-दहा किलोच्या आसपास म्हशीचं मांस लागते, डॉक्टरनं तपासल्याशिवाय तुकडाही आत जात नाही. रानातला वाघ काही रोज शिकार करत नाही, आठवड्यातून एखादी मोठी झाली तर झाली, मधल्या दिवसांत फिरते, फसते, उपाशी राहते. इथं फिरणं कमी, मेहनत नाही, रोज खायला दिलं तर चरबी चढते आणि पोट बिघडते. म्हणून एक दिवस खाडा.

मग त्यांनी आम्हाला एक रिकामी नाईट शेल्टर दाखवली, जिथं वाघ रात्री बंद होतात. हे मला सगळ्यात आवडलं. वाघाच्या खोलीत माणूस जातच नाही. वाघ आधी शेजारच्या खोलीत घ्यायचा, मधलं दार बाहेरूनच तारेनं ओढून पाडायचं, कुलूप, मग आत किती आहेत ते डोळ्यानं मोजायचं, मग कुलूप ओढून पाहायचं, मग सोबतच्यानं ओढून पाहायचं, तेव्हा कुठं झाडू घेऊन आत. एकट्यानं कधीच नाही. सफाई करताना हे लोकं आधी विष्ठा पाहतात, घट्ट की पातळ, हाड किती, केस किती, रक्त आहे का, आणि रजिस्टरला लिहितात. गोठ्यात पहाटे म्हातारा शेण पाहून सांगते ना की आज गाय ठीक नाही, तसंच. कीपरभाऊ म्हणाले, "वाघ दुखणं दाखवत नाही बाबू, लपवते. त्यानं काल किती सोडलं आणि आज कसा उठला, यावरूनच समजून घ्या लागते."

पुढं स्क्वीझ केज. एका बाजूची जाळी हॅन्डलनं सरकते आणि प्राणी हळूहळू दुसऱ्या बाजूला दाबला जाते, की बेशुद्ध न करता इंजेक्शन देता येते, रक्त काढता येते. आमच्या गावचा एक पोट्टा जोशात आत शिरला आणि दुसऱ्यानं हॅन्डल फिरवायला घेतलं, आमच्यासोबत आलेल्या फॉरेस्टच्या मॅडम ओरडल्या तेव्हा थांबला. बेशुद्ध करणं आम्हाला सोपं वाटते कारण आम्ही डार्ट लागलेला पाहतो, टाळ्या वाजवतो. डॉक्टर म्हणाले झायलाझीन-केटामाईनचा डोस वजनाच्या अंदाजानं भरावा लागते, झाडीतल्या वाघाचं वजन कोण करणार, त्यात मे महिन्याचं ऊन असलं तर अंगातला ताप चढून जनावर हातातून जाऊ शकते. अंगावर पाणी कायले टाकतात ते तेव्हा समजलं. मी स्वतः बादल्या वाहिल्या आहेत, पण मला वाटायचं शुद्धीवर यावा म्हणून टाकतात.

वाघांसाठी कूलर लागत होते. खरंच कूलर, आपल्या घरी असते तसा, ताट्या बदलणं चालू होतं. एक बाई म्हणाल्या माझ्या घरी नाही जी, याले आहे. सगळे हसले, पण रानातला वाघ दुपारी नाल्यात बसते, सिमेंटच्या खोलीतला कुठं जाईल, ४६-४७ डिग्रीत.

अस्वलाकडं गेलो तर आमच्यासोबतचे एक काका लांबच थांबले. मोह वेचायला गेले असताना अस्वलानं डोकं फोडलं होतं त्यांचं, टाक्यांची रेघ टोपीखाली अजून दिसते. काका म्हणतात वाघ परवडला, वाघाला तुमच्याशी देणंघेणं नसते, अस्वल विनाकारण अंगावर येते. आणि इथलं अस्वल टरबुजाची फोड दोन्ही पंजात धरून बसलं होतं. काका लांबूनच म्हणाले, त्याच्या नखाकडं पाहा, टरबुजाकडं नको.

साहेबरावची गोष्ट तिथंच ऐकली. २०१२ साली आपल्याच जिल्ह्यात पळसगावकडं शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात दोन तरुण वाघ अडकले, एक मेला, दुसऱ्याचा पुढचा पंजा गेला, तो साहेबराव. नागपूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी त्याला दत्तक घेतलं आणि जानेवारी २०२० मध्ये गोरेवाड्यात त्याला कृत्रिम पंजा बसवला. जगात वाघावर असा प्रयोग पहिलाच. आणि साहेबरावनं शुद्धीवर आल्यावर तो काढून फेकून दिला. मला हे ऐकून वाईटही वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, का ते सांगता येत नाही.

शेवटी सीसीटीव्हीची खोली. इथं आमचे वाघ. पकडून आणलेल्या वाघांजवळ आम्हाला नेणार नाही हे आधीच सांगितलं होतं, त्यांना माणसाची सवय लागू नये आणि त्रासही होऊ नये म्हणून. स्क्रीनवर चौकोन चौकोन, एकात वाघ भिंतीला पाठ लावून झोपलेला, एकात फेऱ्या मारणारा, तीच वाट, तेच वळण. शेजारच्या गावचा एक जण, ज्याची चुलती वाघानं नेली, तो एकदम म्हणाला, "यातला आमच्याकडचा कोणता?" डॉक्टरांनी पटकन उत्तर दिलं नाही. मग म्हणाले फाईल असते, अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटते, डीएनए तपासतात, पण मी दाखवणार नाही. तो बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. मी त्याच्यासोबत गेलो नाही, कारण मला अजून पाहायचं होतं.

आपण म्हणतो वाघ घेऊन जा. नेतात. रानात वाघ दहा-बारा वर्षं जगते, पिंजऱ्यात अठरा-वीसपर्यंतही जाऊ शकते, म्हणजे तीन वर्षांचा पकडला तर पुढची पंधरा वर्षं कोणीतरी त्याची विष्ठा पाहून रजिस्टर भरणार. इकडं त्याची जागा रिकामी पडली की वर्षभरात दुसरा तरुण वाघ येऊन बसते, हे तर आम्ही गावात डोळ्यानं पाहिलं आहे. म्हणून मला वाटते की माणूस मारणारा वाघ नेलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण नुसता बांधावर दिसला म्हणून रस्ता अडवणं बंद झालं पाहिजे.

हे मी परतीच्या गाडीत बोललो आणि पेटलं. चुलतीवाला म्हणाला तू तुझ्या बांधावर दिसल्यावर बोल. काका म्हणाले अस्वलांचं कोणी बोलतच नाही. मॅडम पुढच्या सीटवर झोपल्याचं नाटक करत होत्या. नागभीडपर्यंत भांडण चाललं, मग ग्रामसभेत कोणी बोलायचं यावर दुसरं भांडण, ठरलं काहीच नाही.

तुम्हाला जायचं असेल तर बचाव केंद्र विसरा, सफारीचं तिकीट काढा आणि सकाळच्या बसला जा, मार्चनंतर दुपारी जनावर सावली सोडत नाही. सोमवारी गेट बंद.